दारात मागायला गेलीस, तर तसंच सांग

प्रश्न : ताई, मी एमएसडब्ल्यू केलंय. एका मोठ्या रुग्णालयाच्या संशोधनात धाराशिव जिल्ह्यात क्षेत्र-समन्वयक आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास आहे. तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांनी स्वतःच छोट्या ब्रशनं नमुना घ्यायचा, तो एचपीव्ही विषाणूसाठी तपासायचा आणि पुढची पाच वर्षं अधूनमधून त्यांना भेटायचं. महिन्याला ठरावीक संमतिपत्रं झालीच पाहिजेत, आणि ती होत नाहीत. कॅन्सर म्हटलं की सासवा दार लावून घेतात. चौकात एक जण ओरडला, ‘आमच्या बायकांवर प्रयोग करायला आलात का?’ वरिष्ठ म्हणतात, ‘मोफत महिला आरोग्य शिबिर’ असं सांग, कॅन्सरचं नंतर बघू. सरपंच म्हणतात, यादी द्या, सगळ्यांना आणून बसवतो. परवा दहा-बारा जणींनी फॉर्म भरले, तेव्हा एकीनं आधार कार्ड पुढं करून विचारलं, ‘लाडक्या बहिणीची केवायसी हीच ना?’ मी तेव्हा हसले, पण आता तेच डोक्यात घोळतंय. खोटं बोलायचं नाहीये, पण नोकरीही टिकवायचीय. काय करू? आणि मला अहो-जाहो नका करू.
– एक समन्वयक

उत्तर : बरं, अहो-जाहो नाही करत.

उत्तर आधी देऊन टाकते. शिबिराचं नाव लावायचं नाही. सरपंचांना यादी द्यायची नाही. आणि ते दहा-बारा फॉर्म आहेत तसे पुढं पाठवायचे नाहीत. त्या प्रत्येकीकडं परत जायचं, हा कशाचा कागद आहे ते पहिल्यापासून सांगायचं आणि पुन्हा विचारायचं. केवायसी म्हणाली तिच्याकडं सगळ्यात आधी. निम्म्या जणी नाही म्हणाल्या तर निम्मे फॉर्म रद्द. हे प्रमुख संशोधकांना लेखी कळव, तोंडी नको. संमती चुकीच्या समजुतीवर घेतली गेली असं लक्षात आलं तर ते एथिक्स कमिटीपर्यंत, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांच्या हितावर नजर ठेवणाऱ्या समितीपर्यंत, गेलं पाहिजे. तू स्वतःहून सांगितलंस तर ती दुरुस्ती ठरते. दुसऱ्या कुणी शोधून काढलं तर त्याला वेगळं नाव पडतं.

आता शिबिराचं. शिबिर म्हटलं की आपण काहीतरी द्यायला आलोय असा अर्थ होतो. तुझं काम बरोबर उलटं आहे, तू मागायला आलीयस. बाईचा वेळ, तिच्या अंगातला नमुना, तिच्या बाळंतपणांची आणि दुखण्यांची माहिती, आणि पाच वर्षं तुला दार उघडायचा शब्द. तिला स्वतःला तपासणीचा फायदा होईलही, पण हा अभ्यास मुख्यतः तिच्या मागून येणाऱ्या बायकांसाठी आखलाय. शेजारणीकडं विरजण मागायला गेलेली बाई ‘मी तुला दही द्यायला आलेय’ असं म्हणत नाही. म्हटलं, की मग पातेलं घेऊन वाट बघत बसणारी शेजारीण तिच्या गळ्यात पडते. तुझ्या बाबतीत तेच होईल. बाईला वाटेल गोळ्या मिळतील, त्या मिळणार नाहीत. रिपोर्ट संध्याकाळी येईल असं वाटेल, तो कित्येक दिवस येणार नाही. सहा महिन्यांनी तू परत गेलीस की ती म्हणेल, झालं की तेव्हाच, आता काय आणखी?

ट्रेनिंगमध्ये तुम्हाला पीपीटी दाखवली असेल, फॉर्मचे रकाने समजावले असतील. पण तू ज्या जिल्ह्यात हिंडतेयस तिथल्या बायकांनी नेमक्या याच विषयात जगाला काय दिलंय, हे कुणी सांगितलं का? जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं तेव्हाची गोष्ट. १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तिथं एक अभ्यास केला. गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, बाकी काही नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटात या कॅन्सरनं ३४ बायका दगावल्या, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट आकारानं जवळपास सारखेच. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे छापून आलं आणि एचपीव्ही चाचणीचा जगभर बोलबाला व्हायला त्याचा मोठा हात लागला. तू हातात जो ब्रश घेऊन फिरतेस ना, त्याच्यामागं कळंब, तुळजापूर, परंडा या बाजूच्या बायका उभ्या आहेत.

आणि तुझ्या कामाचा आकडा पुढंच आहे. तपासणीला बोलावलेल्या दर पाच बायकांमागं जवळपास चार जणी आल्या होत्या. तेव्हा ना घरोघर मोबाइल होता, ना गावोगाव आशा. आरोग्यसेविका दारोदार गेल्या, नावं नोंदवली, समजावून सांगितलं. त्यामुळं ‘इकडच्या बायका अडाणी आहेत, त्यांना कळतच नाही’ असं ऑफिसात कुणी म्हणालं (तू लिहिलं नाहीयेस, पण म्हणालं असणारच) तर हे दाखव. बायका येत नाहीत त्याची कारणं बऱ्याचदा विचारणाऱ्याच्या बाजूला सापडतात.

याच अभ्यासाला दुसरी बाजूही आहे, तीही माहीत असू दे. चौथ्या गटातल्या बायकांना अभ्यासातून तपासणी मिळाली नाही. हे योग्य होतं का, आणि सही घेताना त्यांना ते किती नीट सांगितलं होतं, यावर पुढं देशात आणि परदेशातही कडक टीका झाली. म्हणून तुझ्या अभ्यासात गट पाडलेले असतील, तर कुठल्या गटाला काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. ‘ते फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आहे’ असं चालत नाही. तिसरं पान कुणी वाचत नाही. मी तर फोनवरच्या ॲपच्या अटीही वाचत नाही.

आता चौकातला माणूस. त्याच्यावर चिडू नकोस, त्याचं म्हणणं निराधार नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. काही मुलींचे मृत्यू झाले, गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण दुसरंच एक उघडं पडलं. वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक मुलींच्या फॉर्मवर आईबापांच्या ऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक ताशेरे मारले. लस चांगलीच होती, पण सह्या तशा घेतल्यामुळं तिच्या नावाला देशात वर्षानुवर्षं संशय चिकटून राहिला. ‘सगळ्यांना आणून बसवतो’ म्हणणारे तुझे सरपंच आणि ते वॉर्डन यांच्यात मला फार अंतर दिसत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. त्या चौकातल्या माणसाला सांग, ‘हो दादा, हा अभ्यासच आहे. औषध नाही, सुई नाही, लस नाही. हा कागद घ्या, मोठ्यानं वाचून दाखवा सगळ्यांना.’ कागदावर एथिक्स कमिटीचा नंबर असतो, तोही दाखव. भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत तुमच्या अभ्यासाची नोंद झालेली असेल तर तो क्रमांक पाठ करून ठेव. जो माणूस ओरडतो तो निदान ऐकत तरी असतो.

त्याच २०१०च्या गोंधळात आणखी एक गोष्ट घडली, आणि तुझी पाच वर्षं कशाला लागतात ते तिच्यातून कळेल. लसीचे दोन डोस पुरतात की तीनच लागतात, हे पाहणारा वेगळा एक अभ्यास तेव्हा देशात चालू होता. त्यात बार्शी होतं, पुणं होतं. सरकारनं लस द्यायचं थांबवलं तेव्हा हजारो मुलींचा एकच डोस झाला होता. अभ्यास मोडल्यातच जमा होता. पण संशोधकांनी त्या मुलींची पाठ सोडली नाही, आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे मुलींनी त्यांना सोडलं नाही. लग्नं झाली, गावं बदलली, आडनावं बदलली, पोरंबाळं झाली, तरी नमुने देत राहिल्या. दहा वर्षांनंतरही एका डोसचं संरक्षण टिकून असल्याचं त्यांच्यामुळं दिसलं. इतर देशांतल्या अभ्यासांबरोबर ही माहितीही जमेला धरून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एका डोसवरही भागेल असा सल्ला दिला. गरीब देशांच्या दृष्टीनं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आता मला सांग, शिबिर म्हणून बोलावून आणलेली मुलगी सासरहून परत नमुना द्यायला आली असती का? तुझ्या वरिष्ठांना ही गोष्ट सांग. नीतीच्या गोष्टींनी ते ऐकणार नसतील तर याने ऐकतील. फसवून घेतलेली सही पहिल्या महिन्याच्या तक्त्यात छान दिसते आणि दुसऱ्या वर्षी गळतीच्या रकान्यात जाते.

सासवांकडं वळते. दार लावण्यामागं फक्त कॅन्सरची भीती असेल असं मला वाटत नाही. तुमच्या भागात ‘पिशवी’ हा दुखरा विषय आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कुणाला डॉक्टरनं ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवलं होतं, कुणाला पाळीमुळं मजुरी बुडायला नको होती. तुझ्या गावांतूनही कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडतातच. तेव्हा ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ म्हणत कुणी दारात आलं, की सासूला वाटतं हे आता सुनेला ऑपरेशनच्या टेबलावर घेऊन जाणार. तिचा अनुभव तेच सांगतो. तिच्याशी वाद घालू नकोस. ‘यात ऑपरेशन नाही, पिशवी काढायला कुणी सांगणार नाही’ हे वाक्य आपण होऊन, तिनं विचारायच्या आधी बोल.

आणि एक फार महत्त्वाचं. पिशवी काढलेली बाई अशा अभ्यासात सहसा बसत नाही, म्हणून तुम्ही पहिल्याच प्रश्नात ‘पिशवी आहे का?’ असं विचारत असणार. अंगणात, जावा-नणंदांसमोर, आशाताई टिपून घेत असताना. हे बंद कर. कित्येकींनी ते माहेरीसुद्धा सांगितलेलं नसतं. निकष आधी सगळ्यांना मिळून सांग, आणि कोण बसतं कोण नाही हे एकेकटीला आत विचार. जिला घेता येत नाही तिला ‘तुम्ही चालत नाही’ म्हणून वाटेला लावू नकोस. तिशीनंतर तोंडाची आणि स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, मिश्री लावणाऱ्या बाईनं तर ती करून घ्यावीच, एवढं सांगून उठ. गर्भाशयमुखाची साधी तपासणीही सरकारी कार्यक्रमात आहे. म्हणजे अभ्यासाला नाही म्हणणाऱ्या बाईलाही तपासणीचा रस्ता बंद नाही, हे तिला कळलंच पाहिजे. ते लपवून ‘हीच एक संधी’ म्हटलंस तर तोही दबावच झाला.

दारात काय बोलायचं असं विचारशील. मी असं बोलेन :

‘मावशी, मी अमुक दवाखान्याच्या अभ्यासाचं काम करते. ही सरकारी योजना नाही. पैसे मिळणार नाहीत आणि नाही म्हणालात तर कुठल्या योजनेतून नाव कटणार नाही. पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो, तो व्हायच्या आधीच कळू शकतो. त्यासाठी बाईनं स्वतःच नमुना घेतला तर चालतं का, हे आम्ही शोधतोय. त्याच्यासाठी तुमची मदत मागायला आलेय. आत्ताच सांगा असं नाही. घरात बोला, मी गुरुवारी परत येते.’

गुरुवार म्हटलास की गुरुवारीच जा. आणि गेल्यावर सही मागायच्या आधी तिला म्हण, ‘आता तुम्हीच जावेला सांगा बरं, मी कशाला आलेय ते.’ ती ‘मोफत तपासायला आल्यात’ म्हणाली तर फॉर्म बॅगेत ठेव आणि पुन्हा सांग. अंगठा घेणार असशील तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, आशाताई किंवा तुझा ड्रायव्हर चालणार नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं उघडून बघ. गावच्या पुढाऱ्यानं परवानगी दिली तरी प्रत्येकीची वेगळी संमती लागतेच असं त्यात स्वच्छ आहे. नवऱ्याचा होकार हा बाईचा होकार नव्हे. पण म्हणून नवऱ्याला टाळून काम करशील तर संध्याकाळी घरात तिलाच भोगावं लागेल. तिनं आधी त्याच्याशी बोलायचं ठरवलं तर तिला तेवढा वेळ दे.

सरपंचांचाही उपयोग आहे, नाही असं नाही. यादीऐवजी त्यांच्याकडं महिला सभेत बोलायला पंधरा मिनिटं माग. बचत गटाची बैठक त्याहून बरी, तिथं बायका प्रश्न विचारतात. सरपंच मागं खुर्ची टाकून बसणार असतील तर त्यांना चहाला बाहेर ने, ही कामगिरी तुझ्या ड्रायव्हरला दे.

जागेचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून विचारते. नमुना कुठं घ्यायला लावता? अंगणवाडीत असेल, तर तिथल्या दाराला आतून कडी आहे का? खिडकीला पडदा आहे का? बादलीभर पाणी आहे का? बाईला लुगडं वर करून बसायचंय आणि बाहेर पोरं ‘ताई, खिचडी कधी?’ म्हणून दार वाजवतायत, अशा ठिकाणी कोण येईल? कडी बसवायला फार पैसे पडत नाहीत. तुझ्या समुपदेशनाच्या फ्लिपचार्टनं होणार नाही ते काम कधी कधी कडी करते.

निकाल सांगण्याचा विचार आत्ताच करून ठेव. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो हे सांगावंच लागेल, आणि ते अर्धवट सांगितलंस तर घर पेटेल. पूर्ण सांग. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक बाया-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्यात राहतो, आणि राहिला तरी त्याचा कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं जातात, तेवढ्यात इलाज करता येतो. आज सापडला म्हणून काल कुणाचं काही वाकडं पाऊल पडलं असा अर्थ निघत नाही. हे सगळं नमुना घ्यायच्या आधी सांगायचं. आणि निकाल फोनवर कळवणार असाल तर फोन कुणाच्या खिशात असतो ते आधी विचार. बऱ्याच घरांत नंबर तिच्या नावावर आणि फोन मुलाच्या हातात असतो.

आशाताईंना प्रत्येक सहीमागं पैसे ठरलेत का? तू लिहिलं नाहीस, पण तसं असेल तर बदलून घे. दिवसाच्या किंवा भेटीच्या हिशेबानं द्या, होकारावर नको. तू प्रकल्प संपला की पुण्या-मुंबईला जाशील. तिला त्याच गल्लीत पोलिओपासून बाळंतपणापर्यंत सगळी कामं करायचीत. बायकांना मात्र येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेल्या रोजाची भरपाई द्यायला काही हरकत नाही, कमिटीनं मान्य केलेली असली म्हणजे झालं. वर साडी-बिडी नको.

वरिष्ठांसमोर टार्गेटवर रडत बसू नकोस, आकडे घेऊन जा. किती घरी गेलीस, किती जणी भेटल्या, कुणी नाही म्हटलं आणि कशासाठी. नकारांचं हे रजिस्टर नीट ठेवलंस तर संशोधकांनाही ते हवंच असतं, कारण फक्त सहज तयार होणाऱ्या बायकांवर काढलेला निष्कर्ष बाकीच्यांना लागू पडेलच असं नाही. एवढं करूनही ‘शिबिरच म्हण’ असा हट्ट राहिला, तर तो त्यांना मेलवर लिहून द्यायला सांग. बहुतेक लोक लिहून देत नाहीत.

शेवटचं वेळापत्रकाचं. दसऱ्या-दिवाळीनंतर तुझ्या गावांतली निम्मी घरं ऊसतोडीमुळं बंद होतील आणि गुढीपाडव्याच्या आसपास उघडतील. तोडीला जाणाऱ्या घरांकडं आत्ता पावसाळ्यातच जा, आणि तोडीला निघता निघता घाईत कुणाची सही घेऊ नकोस. जी तयार होईल तिच्या पुढच्या भेटी त्या बेतानं लाव. पाठपुराव्यासाठी संपर्क लागेल, तेव्हा मुकादमाचा नंबर घेऊ नकोस. उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब त्याच्या हातात असतो, बाईच्या तपासणीची बातमी त्याच्याकडं जायचं कारण नाही. माहेरचा नंबर माग, तोही तिनं स्वतःहून दिला तरच लिहून घे.